पायधुणीचा मान

जुन्नरच्या जुन्या पेठेत वारसा फेरीच्या फलकांचे आकडे आठपर्यंत जातात. पाचव्यानंतर एकदम सातवा येतो. पुण्याकडून आलेले लोक कधीकधी दुकानदाराला विचारतात, सहावा कुठे आहे? दुकानदार म्हणतो, गाडी मागे घेताना टेम्पोवाल्यानं पाडला. ते खरं नाही. सहाव्या फलकाचा मजकूर मी लिहिला होता आणि तो काढायच्या कागदावर सहीसुद्धा माझीच आहे.

मी पश्चिमेकडच्या डोंगरातला, मढच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. घरी भात आणि नाचणी, तीही पोटापुरती. माझ्या आधी आमच्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. सातवी झाल्यावर वडील मला जुन्नरला घेऊन आले आणि थेट त्या घरी गेले, ज्याला आख्खा तालुका नुसतं ‘मोठं घर’ म्हणतो. घराचे कर्ते अण्णा बाहेर खुर्चीत बसले होते. त्यांनी मला पाढे विचारले, कविता म्हणायला लावली आणि आत हाक मारून सांगितलं, “ह्याला वसतिगृहात टाका. वह्यापुस्तकं आपली.” वडिलांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मलाही ठेवायला लावलं. मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही, आणि आजही मी त्याला कमीपणा म्हणणार नाही. अण्णांमुळे मी पदवीधर झालो, पुण्याला जाऊन इतिहासात एम. ए. केलं, मोडी लिपी शिकलो, आणि त्यांच्याच संस्थेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. हे सगळं त्यांनी केलं. जे पुढे सांगणार आहे, ते सांगताना हे विसरून चालणार नाही.

मोठ्या घरात लग्न असलं की एक रीत पाळतात. वऱ्हाड दारात आलं की पाच मानकऱ्यांना पाटावर बसवतात आणि एक बाई त्यांचे पाय धुते. तांब्याची परात, कोमट पाणी, आणि पुसायला तिचा स्वतःचा पदर. टॉवेल चालत नाही. धुतलेलं पाणी तिनेच उंबऱ्याबाहेर नेऊन ओतायचं, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तिने जेवायचं नाही. मग तिला साडी, खण, नारळ. याला पायधुणीचा मान म्हणतात. ही बाई कायम एकाच घरातली. आजीनंतर सून, सुनेनंतर तिची सून. त्या घराचं आडनाव शाळेच्या हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर आहे, पण गावात कुणी आडनावाने ओळखत नाही. पत्ता विचारला तरी लोक सांगतात, “पायधुणीचं घर व्हय? ओढ्याच्या पलीकडं.”

आता तो मान ज्यांच्याकडे आहे त्यांना मी मावशी म्हणतो. पन्नाशीच्या, विधवा, टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. बारावी झाली आणि तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा आंबेगाव तालुक्यातला, भीमाशंकरच्या रस्त्यावरचा. यात्रेकरूंना नेणारी स्वतःची जीप, मामाचं हॉटेल. सुपारी फुटली होती, तिथी धरली होती. पायधुणीच्या घराच्या सोयरिकी नेहमी अशा लांबच जमायच्या. जुन्नरातलं कुठलंही शेतकरी घर त्यांना मुलगी देत नाही आणि त्यांची करत नाही. का, ते कुणी बोलत नाही. “जमत न्हाई” एवढंच म्हणतात. मीही कधी विचार केला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्या घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. तिच्यात कापडात बांधलेले जुने कागद निघाले. अण्णांनी मला बोलावलं.

“मास्तर, काढ तुझी मोडी बाहेर. आमच्या कुण्या पूर्वजानं गड राखला म्हणत्यात. सनद असंल बघ त्यात.”

सनद नव्हती. तीन दिवस मी पंख्याखाली बसून चिठ्ठ्या, वाटण्या, भांडणांचे निवाडे वाचत होतो. चौथ्या दिवशी एक खरेदीखत लागलं. पेशवाईच्या उतरत्या काळातलं. दुष्काळात घाटाखालून वर आणलेली दहा-बारा वर्षांची एक मुलगी जुन्नरच्या पेठेत या घराने विकत घेतली होती. रंग सावळा, डाव्या भिवईवर व्रण, पुढचे दोन दात मोठे, असं तिचं वर्णन होतं, बैलाचं करतात तसं. तिचं आधीचं नाव नव्हतं. घरात ठेवलेलं नवं नाव होतं. ती आणि तिच्या पोटची संतती घराची, असं लिहिलं होतं. आणि शेवटी, घरच्या कार्यात पाहुण्यांचे पाय तिने व तिच्या वंशाने धुवावेत.

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर त्यात आनंदही होता. डोंगरातून आलेल्या एका पोराने कुणालाच माहीत नसलेली गोष्ट शोधून काढली होती. जुन्नर म्हटलं की आम्ही मुलांना शिकवतो की नाणेघाटातून माल वर यायचा, कापड, मसाले, धान्य. त्याच मालात माणसंही असत हे कुठल्या पुस्तकात मी मुलांना दाखवलं नव्हतं. मला वाटलं, गावाने हे सांगितलं पाहिजे. सांगितलं की न्याय होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

नगरपरिषदेची वारसा समिती तेव्हा फलकांचे विषय ठरवत होती आणि अण्णा तिचे अध्यक्ष होते. मी बैठकीत कागद वाचून दाखवला. एक निवृत्त मुख्याध्यापक लगेच म्हणाले, “गुलामगिरी अमेरिकेत, सर. आपल्याकडे कुणबिणी, म्हणजे दासी, घरातल्यासारख्या असायच्या. गोडधोड झालं की आधी त्यांच्या पोरांना.”

“घरातल्या माणसाचं खरेदीखत कोण करतं, सर?” मी म्हणालो.

“तुम्ही आजच्या चष्म्यातून बघताय.”

तरुण नगरसेवक मात्र खुर्चीत पुढे सरकले. “राव, हे लई जबरी हाये. पुण्याचं पब्लिक येतं, लेण्याद्री करतं, द्राक्षं खातं, जातं. असलं काय असलं की थांबून फोटो काढंल. ‘गुलामांचा बाजार’ असं मोठ्या अक्षरात टाका.”

“मोठ्या अक्षरात नको,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मग मध्यम टाका.”

सगळे हसले. चहा आला. मग अण्णा बोलले. “इतिहास हाये, लपवायचा कशाला? लिहा. आमचं काय बी म्हणणं न्हाई. फक्त घराचं नाव नको. नातवाची सोयरीक चाललीय बारामतीकडं, उगं पावण्यांच्या डोक्यात किडा नको.”

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नातवाचं स्थळ महत्त्वाचं होतं, ते साऱ्या समितीला एका वाक्यात समजलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका घरातही लग्न ठरलेलं होतं आणि तेही याच कागदात होतं, हे खोलीतल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. पायरी उतरताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुला शिकवला ते बरं झालं. दुसरा कुणी असता तर नाव टाकून मोकळा झाला असता.” मी घरी आलो तो जवळजवळ तरंगत.

मजकूर मी रात्रभर नाही, दोनच तासांत लिहिला. तो असा होता: “या पेठेत एकेकाळी माणसांचीही खरेदी-विक्री होत असे. दुष्काळात घाटाखालून आणलेली एक बालिका येथे एका प्रतिष्ठित घराण्याने दासी म्हणून विकत घेतली. त्या घराण्याच्या विवाहात पाहुण्यांचे पाय धुण्याची पायधुणी ही प्रथा तेव्हापासूनची असून, त्या दासीच्या वंशातील स्त्री आजही ती पाळते.” एकही नाव मी लिहिलं नाही. नाव नाही म्हणजे कुणाला इजा नाही, असं मला वाटलं. ज्या गावात त्या घराला पायधुणीशिवाय दुसरं नावच नाही, त्या गावात मी वीस वर्षं राहत होतो, आणि तरीही मला तसं वाटलं. मालकाचं नाव झाकलं होतं. दासीचं मी फलकावर रंगवून लावलं होतं.

छपाईला देण्याआधी मी मावशींकडे गेलो होतो. अंगणात कुरडया वाळत होत्या, मुलगी रुखवताची तोरणं ओवत होती. पेठेत तुमच्या घराबद्दल फलक लागणार, असं मी सांगितलं. मावशींचा चेहरा उजळला.

“आमच्या पायधुणीचं? बोर्डावर? आगं बाई! पर गुर्जी, वंगाळ काय न्हाई ना त्याच्यात?”

“नाही मावशी. उलट मान वाढेल तुमचा.”

मुलगी म्हणाली, “सर, वाचून दाखवा की.”

“छपाईला दिलाय. लागला की वाच.”

मजकूर माझ्या खिशात होता. घडी करून ठेवलेला, शर्टाच्या वरच्या खिशात. तिने काही बदलायला सांगितलं असतं आणि मला ते शेवटचं वाक्य बदलायचं नव्हतं. ते फार चांगलं जमलं होतं.

उद्‌घाटनाला नगरसेवकांनी एक कल्पना काढली. मावशींचा सत्कार करायचा आणि पायधुणीचं प्रात्यक्षिक ठेवायचं. मोठ्या घरातून परात आणली. प्रमुख पाहुण्यांनी आधी पाय मागे घेतला, “अहो नको, नको,” म्हणाले, मग मोजा काढला. मावशी नवी साडी नेसून आल्या होत्या. त्या भर पेठेत गुडघ्यावर बसल्या.

“मावशी, जरा हिकडं बघा. हां. पदर दिसू द्या. अजून एकदा पुसा,” फोटो काढणारा म्हणाला.

त्यांनी अजून एकदा पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी दुकानातून सुटी मिळाली नाही म्हणून आली नव्हती. फलकावर एवढा मोठा हार घातला होता की मजकूर झाकला गेला आणि त्या दिवशी तो कुणी वाचला नाही. जाताना मावशींनी मला विचारलं, “फोटू बरा निघाला का, गुर्जी? पोरीच्या मोबाइलवर पाठवा.” मी पाठवला. व्हिडिओही पाठवला.

पुढच्या पंधरवड्यात बस्ता होता. दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचं कापड घ्यायला पेठेत आली. मावशींनी मलाही बोलावलं. शिकलेला माणूस बरोबर असला की बरं, त्या म्हणाल्या. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. मुलाकडच्या बायका एकेक घडी उलगडून मुलीच्या खांद्यावर टाकत होत्या आणि दुकानदार ओरडत होता, “ताई, हा रंग नवरीसाठीच आलाय बघा.” नवरा मुलगा पंख्याखाली बसून लाजत होता. कुणीतरी त्याला म्हणालं, “जीपला बी घ्या एक साडी, ती बी बायकोच हाये तुमची.” सगळे हसले, मुलगीही हसली.

मुलाचे मामा तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले. फलक दुकानाच्या अगदी समोर. ते वाचत उभे राहिलेले मला आतून दिसले. मग त्यांनी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या माणसाला काहीतरी विचारलं. त्या माणसाने आमच्या दुकानाकडे बोट केलं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. नंतर त्यानेच मला सांगितलं, तो एवढंच म्हणाला होता, “पावणं, आत बस्ता बांधताय ना, तीच की पायधुणीची माणसं.”

मामा आत आले. चप्पल काढली, बसले, आणि अगदी गोडीने विचारलं, “ताई, तुमी मोठ्या घरी पाय धुता म्हणं लग्नात?”

मावशी खुलल्या. “व्हय की! मान हाये आमचा. माझ्या सासूचा व्हता, तिच्या सासूचा व्हता. ए, दाव गं मामांना, सत्काराचं दाव.”

मुलीने मोबाइल काढला. ती फलक पाहून आली होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण तिचा हात थांबला होता. मावशींनीच तो मोबाइल घेऊन मामांच्या हातात दिला. मामांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. टाळ्यांचा आवाज दुकानभर झाला. मग ते म्हणाले, “आणि ह्या बाहेरच्या बोर्डावर काय लिवलंय ते वाचलं का कुणी?” आणि त्यांनी माझी तीन वाक्यं मोठ्याने, सावकाश म्हणून दाखवली. फलकाचा फोटो काढून आणला होता.

दुकानदाराने हातातली साडी खाली ठेवली.

“बटकीच्या वंशातली पोर दावली व्हय आमाला,” मामा म्हणाले. “आन् वर व्हिडिओ दावत्यात. काय म्हणावं ह्यांच्या धाडसाला.”

“काय म्हणताय वो? कुणाची बटीक?” मावशींना कळतच नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. “गुर्जी, सांगा की ह्यांना. ते आमचं न्हवं म्हणून सांगा.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिक्षक. मी बोलायला लागलो. तो काळ वेगळा होता, लाज विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला वाटायला हवी, विकली गेलेली मुलगी निरपराध होती. वर्गात बोलतो तसं बोललो, चांगलं बोललो. मामांनी ऐकून घेतलं.

“ते समदं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. ही ती हायेत का न्हाईत, एवढं सांगा.”

“आहेत,” मी म्हणालो.

“आन् घेणारं घर कुठलं?”

“ते... कागदात स्पष्ट नाही.”

मामा हसले. “म्हंजी कामाची बाई ठाऊक, तिच्या नातींच्या नाती ठाऊक, मालक तेवढा ठाऊक न्हाई. लई भारी इतिहास हाये तुमचा.”

मुलीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. दुकानातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, कारण पायधुणी एकाच घरी होते. मी एकटाच ते तोंडाने म्हणत नव्हतो. मुलाच्या आईने पुढे होऊन मुलीच्या खांद्यावरची साडी काढली, नीट घडी घातली आणि दुकानदाराला म्हणाली, “ही बाजूला ठेवा. रंग चांगला हाये.” नवरा मुलगा आधीच चपला शोधत होता.

दोन दिवसांनी मावशी शाळेत आल्या. व्हरांड्यात उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. मामांचा निरोप आला होता. तिथी धरलेली आहे, पत्रिका वाटल्यात, उगीच चारचौघांत शोभा नको. नगरपरिषदेने बोर्ड काढला आणि या कुटुंबाचा त्या दासीशी संबंध नाही असं पत्र दिलं, तर विचार करू.

“तुमीच लिवलंय, तुमीच खोडा,” मावशी म्हणाल्या. “मला तुमची मोडी कळत न्हाई. पोर उजवायचीय मला.”

त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलगी आली. तिने अर्ज टाईप करून आणला होता. फलकावर विकत घेणाऱ्या घराचं नाव टाकावं, आणि कागद वाचणारा म्हणून खाली माझी सही. “सर, आमचं सांगितलंत ना, मग त्यांचं पण सांगा. मग बघू कोण कुणाला हसतं.”

आईला खोटं हवं होतं, मुलीला खरं. मुलीचा अर्ज मी पेटीत ठेवला आणि आठवडाभर दोघींनाही काही दिलं नाही. मी विचार करतोय असं स्वतःला सांगत होतो. विचार कसला, मी अण्णांना विचारायला जायचं धैर्य गोळा करत होतो. गेलो तेव्हा खरेदीखताबरोबर मुलीचा अर्जही नेला. दाखवला. मोठ्या माणसाला आधी दाखवावं, असंच मला लहानपणापासून शिकवलेलं.

अण्णा रागावले नाहीत. अर्ज दोनदा वाचला, शुद्धलेखन चांगलंय म्हणाले. “पोर हुशार हाये. आपल्याच शाळेची ना? तिचं लगीन मोडायला नको, मास्तर. बोर्ड काढू, पत्र देऊ. तू एवढंच लिव, वाचताना चूक झाली. मोडीच ती, कुणाला येतीय हिथं?” मग थोड्या वेळाने, “आन् तो कागद माझ्याकडं ठेव.”

ही दयाच होती. मला तशीच वाटली. मी खोटं लिहिलं की मुलीचं लग्न होणार होतं आणि माझ्या हातून झालेलं नुकसान भरून निघणार होतं. मी तिथेच बसून लिहिलं आणि सही केली. अण्णांनी मूळ कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातला.

आता वर्षभराने मला काय वाटतं ते लिहितो. एखाद्या शहराला आपल्या बाजारात माणसं विकली होती हे कबूल करायचं असेल, तर पहिली ओळ विकत घेणाऱ्याच्या नावाची असावी, आणि ती ओळ त्या घराने स्वतः लिहावी. विकल्या गेलेल्यांच्या घरी आधी जावं, कागद वाचून दाखवावा आणि त्यांनी नको म्हटलं तर परत यावं. आणि जी गोष्ट अजून चालू आहे ती थांबवल्याशिवाय तिच्यावर फलक लावू नये. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. नगरपरिषदेच्या कचेरीत एका मुलीकडून समजलं, आणि समजलं तेव्हा माझी सही वाळली होती.

त्या कचेरीत सगळे जमले होते. अण्णा, मुख्याध्यापक, मावशी, मुलगी, आणि पत्र हातात घेऊनच जायचं म्हणून आलेले मामा. कारकुनाने पत्र वाचलं: फलकावरील मजकूर चुकीच्या वाचनामुळे लिहिला गेला, सदर कुटुंबाचा त्यातील व्यक्तीशी संबंध नाही. मावशींनी सही केली. त्यांना सही शिकवली होती मुलीने. मग पेन मुलीपुढे आलं.

“सर,” ती म्हणाली, “चुकलं होतं वाचायला?”

“हो,” मी म्हणालो.

तिने पत्र पुन्हा वाचलं. मग अण्णांकडे वळली. आवाज चढवला नाही. “अण्णा, ह्याच्यात अजून एक ओळ टाका. पायधुणी इथून पुढं बंद. आई येणार न्हाई, मी येणार न्हाई.”

“ते कशाला?” अण्णा म्हणाले. “मान हाये तो तुमचा. घराची रीत हाये. रीत का बंद करायची?”

“संबंधच न्हाई असं लिवताय ना? मग संबंध नसलेल्या बाईनं पाय का धुवायचे? पुढच्या महिन्यात तुमच्या नातवाचं लगीन हाये. तुमी आईला बोलावणार. ती जाणार. मग मामा मला काय म्हणतील?”

मामा खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, “बोलतीय बराबर.”

मुख्याध्यापक म्हणाले, “बाळ, प्रथा वेगळी, इतिहास वेगळा.”

“एक ओळ टाका. मी सही करते.”

अण्णा माझ्याकडे बघून हसले, वडीलधारं माणूस हसतं तसं. “शिकवलं की असं व्हतं. पोरी, रीत मोडायचा अधिकार मलाबी न्हाई. पूर्वजांची हाये ती.”

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तो मूळ कागद वाचलेला त्या खोलीत मी एकटा होतो. मुलीने टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. मावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. “कर की गं सही! कर! वाट लावतीस का माझी?” दुसरा घातला. मुलगी हलली नाही. मामा उठले. “आमी निघतो. तिथी हाये, दुसरी पोर बघावी लागंल.” अण्णांना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेले.

कारकून पत्र हातात धरून बसला होता. अवघडून म्हणाला, “साहेब, हिची सही राहिली. मग हे पाठवायचं का?”

“हिची कशाला लागतीय?” अण्णा म्हणाले. “मास्तरांची हाये ना? मग पुरे.”

कारकुनाने शिक्का मारला. मावशी जिन्याकडे निघाल्या, मुलीला न घेता, आणि मुलगी खुर्ची सरकवून त्यांच्या मागे गेली. दारात ती माझ्याजवळून गेली. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. मी उभाही राहिलो. तिने मला जायला वाट करून द्यावी तसं अंग चोरलं, कुणा परक्या माणसासाठी चोरतात तसं, आणि खाली उतरली.